चहाचा उतारा

सोमवार, १० मार्च २०२५, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. प्रयोगशाळेच्या दारात एक बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात घट्ट झाकणाचा, रिकामा स्टीलचा डबा होता.

"उतारा हितंच मिळतो न्हवं?" त्यांनी विचारले.

वेळ इतकी नेमकी लिहिता येते याचे श्रेय माझ्या स्मरणशक्तीला नाही. त्या क्षणी मी इन्क्युबेटरचे तापमान टिपत होते, आणि तापमानापुढे वेळ लिहिण्याचा आमच्याकडे नियम आहे. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याच दिवशी दिले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता. ते बुधवारी देता आले.

संपादकांनी कामातले अनुभव मागितले तेव्हा मी त्यांना कळवले होते की, असे लेख निवृत्त माणसे लिहितात. मी एकतीस वर्षांची आहे आणि माझी नोकरी कंत्राटी असल्यामुळे निवृत्त होण्याची सोयही तीत नाही. त्यांचे उत्तर आले, "चहा आणि कर्करोग हे दोन्ही शब्द ज्यांच्या रोजच्या कामात येतात, असे सोलापुरात आम्हाला दुसरे कोणी ठाऊक नाही." युक्तिवाद बिनतोड होता.

तर काम असे. चहाच्या पत्तीत काही तुरट द्रव्ये असतात. जीभ आक्रसते ती त्यांच्यामुळे. ही द्रव्ये ऑक्सिजनच्या उपद्रवाला आळा घालतात, असे बऱ्याच प्रयोगांत दिसले आहे. ऑक्सिजनचा उपद्रव प्रत्येकाने पाहिलेला असतो: लोखंड गंजते, चिरलेले वांगे काळे पडते, डब्यातले शेंगदाणे खवट होतात. त्याला अडवणाऱ्या पदार्थाला अँटिऑक्सिडंट म्हणतात. माझ्या संशोधनाचा प्रश्न साधा आहे. आपण सोलापूरकर ज्या पद्धतीने चहा करतो, म्हणजे भुकटी, साखर आणि दूध एकत्र करून रंग येईपर्यंत उकळतो, त्या पद्धतीत या द्रव्यांचे काय उरते? आणि जे उरते ते पेशींना काय करते?

यासाठी चहा उकळून, गाळून, त्यातले पाणी उडवून मागे राहणारी तपकिरी पूड मी वापरते. इंग्रजीत तिला 'एक्स्ट्रॅक्ट' म्हणतात. मराठीत मी 'अर्क' म्हणते. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडेल.

पहिली चाचणी रंगाची असते. गडद जांभळ्या रंगाच्या एका द्रावणात हा अर्क थेंबाथेंबाने घालायचा. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उडून पिवळा होतो आणि किती उडाला ते यंत्र मोजते. आमच्या शहरात सूत रंगवणारे कारखाने आहेत. तिथे रंग उडाला की माल परत येतो. माझ्याकडे रंग उडाला की माल उत्तम. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा सूत रंगवण्यात आयुष्य गेलेले माझे वडील म्हणाले, "म्हणजे आम्ही जे होऊ नये म्हणून धडपडलो, त्यासाठी तुला पगार मिळतो."

नमुन्यांसाठी मला खराखुरा, टपरीवरचा चहा हवा होता. एसटी स्टँडाजवळच्या रशीदभाईंनी तो आनंदाने दिला. त्यांची अट एकच होती: निकाल त्यांना आधी सांगायचा. निकाल असा आला की, त्यांच्या कोऱ्या चहाने जांभळा रंग चटकन उडवला. दूध घातलेल्या चहाने बराच कमी. दुधातली प्रथिने ती तुरट द्रव्ये धरून ठेवतात.

"मतलब कमी निकली," रशीदभाई म्हणाले.

"चहात नाही. दुधामुळे."

"तो दूध नै डालूं? मॅडम, दूध नै डाले तो लोगां चाय नै पीते, मेरे कू पी जाते." मग थोडा विचार करून म्हणाले, "बोर्ड पे लिखने को कुछ तो देव."

मी काही दिले नाही. पंधरवड्याने गेले तेव्हा टपरीवर पाटी होती: 'प्रयोगशाळेत तपासलेला चहा'. मी ती दोनदा वाचली. विधान पूर्णपणे सत्य होते. फक्त निष्कर्ष वगळला होता. शास्त्रीय लेखांतही ही पद्धत चालते, त्यामुळे मला आक्षेप घेता आला नाही.

दुसरी चाचणी पेशींवरची. कर्करोगाच्या पेशी आमच्याकडे प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत, गुलाबी रंगाच्या पोषक द्रवात वाढतात. त्यांना सदतीस अंश तापमान लागते. हे वाचून बाहेरगावच्या माणसाला वाटते की इन्क्युबेटरचे काम ऊब देणे. सोलापुरात एप्रिलमध्ये त्याचे काम याच्या उलट असते. बाहेर बेचाळीस अंश असताना सदतीसवर थांबणे त्या पेटीला जमत नाही, म्हणून ती ज्या खोलीत आहे तिला वातानुकूलन आहे. आमच्या इमारतीत प्राचार्यांची खोली सोडली तर फक्त कर्करोगालाच एसी आहे, असा विनोद विभागात चालतो. तो मी केलेला नाही, पण खोडलेलाही नाही.

या पेशी प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पसरून मी त्यांना चहाचा अर्क दिला. एका दिवसाने मोजले तेव्हा शंभरातल्या अडतीस जिवंत होत्या. प्रयोग तीनदा केला, आकडा फार हलला नाही. मला या आकड्याचा अभिमान होता. हैदराबादच्या परिषदेत तो मांडायचे ठरले होते. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत पुढील संशोधनासाठी मी अर्ज केला होता आणि त्या अर्जाचा सगळा भार याच आकड्यावर होता. माझे मार्गदर्शक, त्यांना आम्ही नुसते सर म्हणतो, यांनी मात्र एक नियंत्रण-प्रयोग, म्हणजे आकड्याची उलटतपासणी, बाकी असल्याचे पहिल्यापासून सांगितले होते. त्याला लागणारे विकर, म्हणजे एन्झाइम, मागवलेले होते, यायचे होते. तोपर्यंत आकडा 'प्राथमिक' म्हणायचा, असे आमचे ठरले होते.

मध्येच विज्ञान दिन आला.

संस्थेला वृत्तपत्रांसाठी एक टिपण हवे होते. मी चार ओळी इंग्रजीत लिहून दिल्या आणि 'प्राथमिक' हा शब्द अधोरेखित केला. त्याचे मराठी आमच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी केले. भाऊसाहेबांची हयात माळशिरसच्या तहसील कार्यालयात गेली. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे आले. टापटीप अक्षर, वेळेचे पक्के, आणि कुठलाही कागद दुसऱ्या दिवसावर जाऊ न देणारे. त्यांनी हाही कागद जाऊ दिला नाही. सकाळी बातमी आली: 'कर्करोगावर चहाचा उतारा'.

मी अंक घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले.

"काय चुकलं?" भाऊसाहेब म्हणाले.

"उतारा?"

"मॅडम, सातबाऱ्याचा उतारा. त्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"एक्स्ट्रॅक्ट."

"आठ-अचा उतारा?"

"तोही एक्स्ट्रॅक्टच."

"मग चहाच्या एक्स्ट्रॅक्टनं काय पाप केलंय? मी लिहिलं होतं 'कर्करोगाच्या पेशींवर चहाच्या उताऱ्याचा परिणाम'. पेपरवाल्यानं जागेअभावी पेशी कापल्या आणि परिणाम कापला. माझा त्यात हात नाही."

भाषांतर नियमाने बरोबर होते, हीच अडचण होती. जमिनीच्या कागदाला उतारा म्हणतात, आणि विषावर दिल्या जाणाऱ्या औषधालाही उतारा म्हणतात. भाऊसाहेबांनी पहिला लिहिला. जिल्ह्याने दुसरा वाचला. काहींनी तिसराही वाचला. अक्कलकोटकडच्या एक वयस्कर आजी केटली, लिंबू आणि काळा दोरा घेऊन आल्या आणि त्यांनी विचारले की, चहा आजाऱ्यावरून किती वेळा ओवाळायचा आणि कुठल्या तिठ्यावर टाकायचा. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. त्यांना पहिला अर्थच अभिप्रेत होता. त्यांनी आधार कार्डाची प्रत आणली होती आणि अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा एवढेच त्यांना हवे होते.

खुलासा पाठवला. तोही भाऊसाहेबांनीच लिहिला आणि तो आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी छापून आला: "परवाच्या बातमीत 'उतारा' या शब्दाऐवजी 'अर्क' असे वाचावे." वाचकांनी तसे वाचले. कर्करोगावर चहाचा अर्क! त्यानंतर येणारे लोक रिकाम्या बाटल्या घेऊन येऊ लागले.

त्या दिवसांत आलेल्या प्रत्येकाला मी दारातच समजावून परत पाठवत होते. वाक्ये ठरून गेली होती: हे औषध नाही, हा प्रयोग प्लेटमधला आहे, माणसावर केलेला नाही, तुमच्या डॉक्टरांचे उपचार चालू ठेवा, असा कडक अर्क पिऊ नका, त्याने यकृताला इजा होऊ शकते. लोक ऐकत, मान हलवत आणि जाता जाता विचारत, "तरी पण थोडा?"

रेणुकाबाईंनी मात्र मान हलवली नाही. डबा घेऊन दारात उभ्या होत्या त्या याच. राहायला भवानी पेठेत, वय पंचावन्नच्या आसपास, घरची भाषा तेलुगू, काम बिड्या वळण्याचे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली आणि किमो चालू. तीन वेळा देऊन झाली होती, चौथी येत्या गुरुवारी होती. सोबत त्यांचा मुलगा शीनू होता. टॉवेलच्या कारखान्यातून रजा घेऊन आला होता आणि हेल्मेट कुठे ठेवावे हे न कळून ते पोटाशी धरून उभा होता.

माझी ठरलेली वाक्ये मी सांगितली. त्यांनी ती संपू दिली.

"पेपरात हाय की," त्या म्हणाल्या.

"पेपरात चुकीचं छापलंय."

"मग चहानं त्या मेल्या हे खोटं?"

"ते खरं आहे. पण त्या प्लेटमधल्या पेशी."

"माझ्यातल्याबी त्याच न्हवं? का प्लेटमधल्या मऊ अस्त्यात?"

शीनू मध्ये पडला. "मॅडम, पेपर वाचल्यापासून आई म्हणायलीय, गुरुवारी जात न्हाय म्हणून. तुमीच सांगा तिला."

"तू गप रे. तुला हाय का उलटी? तुला हाय का तोंड कडू?" मग माझ्याकडे वळून त्यांनी उजवा हात पुढे केला. "ही बोटं बगा. बधिर. पान धरलं तर पान हाय का बोट हाय समजंना. धागा सुटतो. तिसऱ्या टायमापासनं एक बिडी सरळ न्हाय आली. चवथ्याला हातच जाईल. चहानं बोटं बधिर हुत्यात का?"

"नाही."

"मग?"

"बोटांचं डॉक्टरांना सांगितलंत का?"

"त्यांनी इचारलं न्हाय."

"विचारायची वाट बघू नका. त्यावर ते काही करू शकतात. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. पण उपचार आपल्या मनाने सोडायचे नाहीत."

"सोडत न्हाय. बदलती. त्यांचं औषध सोडून तुमचं घेती. तुमच्या चहानं मेल्या न्हवं?"

"मेल्या."

"कशानं?"

परीक्षकाने हा प्रश्न विचारला असता तर मी संदर्भ देऊन पाच मिनिटे बोलले असते. त्यांना खरे उत्तर द्यायचे होते, आणि खरे उत्तर एवढेच होते की, ते मला अजून मिळवायचे होते.

शंका अशी होती. चहातली तुरट द्रव्ये थंड पाण्यात सभ्यपणे वागतात. पण पेशींच्या पोषक द्रवात, त्या उबेत, ती स्वतःच ऑक्सिजनशी झटापट करतात आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. जखमेवर ओतल्यावर फसफसतो तो हाच द्रव. तो पेशींना मारतो, कुठल्याही पेशींना. म्हणजे ज्या पदार्थाला मी ऑक्सिजनचा पहारेकरी म्हणून तपासत होते, तोच प्लेटमध्ये गेल्यावर चोराला आत घेत असण्याची शक्यता होती. असे होऊ शकते हे शास्त्राला ठाऊक आहे. माझ्या प्लेटमध्ये तसे होते का, हे पाहायचे होते. जखमेवर फेस येतो, कारण आपल्या रक्तात कॅटॅलेज नावाचे विकर असते आणि ते पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. तेव्हा परीक्षा सोपी होती. पेशींना चहासोबत कॅटॅलेजही द्यायचे. तरीही पेशी मेल्या, तर चहात खरेच काही आहे. जगल्या, तर मारणारा चहा नव्हता, प्लेटमध्ये तयार झालेले पेरॉक्साइड होते. आणि शरीरात ते टिकत नाही, कारण शरीरात कॅटॅलेज मुबलक आहे.

विकराचे पार्सल आदल्या शुक्रवारीच बर्फात येऊन पडले होते.

मी हे सगळे रेणुकाबाईंना शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. जखमेवरचा फेस त्यांनी पाहिलेला होता, त्यामुळे तेवढे पटले.

"कवा कळंल?" त्यांनी विचारले.

"बुधवारी दुपारी. पण त्याचा तुमच्या गुरुवारशी संबंध नाही. तुम्ही गुरुवारी दवाखान्यात जायचंच."

"संबंध कसा न्हाय? मेल्या तर चहा. न्हाय मेल्या तर दवाखाना. उगं का डबा आणलाय?"

"बाई, मेल्या तरी दवाखाना, जगल्या तरी दवाखाना."

"मग निकाल कशाला काढता?"

शीनू हसला. हा प्रश्न संस्थेच्या नियामक मंडळालाही कधी सुचलेला नाही.

तर्कदृष्ट्या त्यांची पैज चुकीची होती. कॅटॅलेज असतानाही पेशी मेल्या असत्या, तरी माणसाच्या कर्करोगाविषयी त्यातून काहीच सिद्ध झाले नसते. आमच्या प्लेटमध्ये चहाचे जे प्रमाण असते ते पिऊन रक्तात आणणे कोणाच्याही पोटाला शक्य नाही. हे मी त्यांना तीन वेळा, तीन तऱ्हांनी सांगितले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "बुधवारी येती," आणि डबा घेऊन गेल्या. त्या गेल्यावर मला वस्तुस्थिती स्पष्ट दिसली. पेशी मेल्या तर माझा आकडा टिकतो, अर्ज टिकतो आणि रेणुकाबाई गुरुवारी घरी बसतात. पेशी जगल्या तर उलट. कर्करोगाच्या पेशी जगाव्यात यात कोणाचा फायदा असू शकतो, हे मला माझ्या कामात पहिल्यांदा दिसत होते.

सरांना हे सांगितले. ते चष्मा पुसत ऐकत होते.

"म्हणजे तुझा हात दोन्ही बाजूंनी ओढला जाणार," ते म्हणाले. "अर्ज एका बाजूला, बाई दुसऱ्या. मोजणाऱ्याला कुठला नमुना कुठला हे माहीतच नको. कशात काय घालायचं ते मी घालतो आणि खुणाही मी करतो. तू फक्त मोज."

"सर, हैदराबादचं सारांशपत्र गेलंय."

"माहीत आहे. त्यावर माझंही नाव आहे."

सोमवारी संध्याकाळी पेशी प्लेटमध्ये पसरल्या, म्हणजे रात्रीतून त्या तळाला चिकटतील. मंगळवारी दुपारी सरांनी दार लावून घेतले आणि चार नमुने तयार केले. एक नुसत्या पोषक द्रवाचा, एक चहाचा, एक चहा आणि कॅटॅलेजचा, एक नुसत्या कॅटॅलेजचा. बाहेरून त्यांवर फक्त अ, ब, क, ड होते. त्या संध्याकाळी मला एका गोष्टीचे कौतुक वाटले, ते इथे नोंदवते. आमच्या कामात इच्छेला काही करायला जागाच ठेवलेली नसते. पेटी बंद असते, तापमान ठरलेले असते आणि पेशी तुमच्याकडे बघत नाहीत. मी घरी गेले आणि जेवले. आईने दुधाचा चहा दिला, तो प्याले.

बुधवारी दुपारी दोनला रेणुकाबाई आल्या. डबा होताच. शीनूने या वेळी हेल्मेट बाहेर ठेवले होते.

मोजणी अशी असते. प्लेटमधल्या पेशी सोडवून घ्यायच्या. वर तरंगणाऱ्याही घ्यायच्या, कारण मेलेल्या पेशी बहुधा सुटून तरंगतात. त्या ओतून दिल्या तर उरलेल्या सगळ्या जिवंतच दिसतात आणि संशोधक सुखी होतो. मग त्यांत निळा रंग मिसळायचा. जिवंत पेशी तो आत घेत नाही, स्वच्छ, चकचकीत दिसते. मेलेल्या पेशीला दार लावता येत नाही, ती निळी होते. सूक्ष्मदर्शकाखाली आखलेल्या चौकटीत शंभर पेशी मोजायच्या.

"मला दावा की," रेणुकाबाई म्हणाल्या.

मी 'अ' लावला. त्यांना भिंग सारखे करता येईना. बोटांखाली चक्र फिरतेय की नाही हे त्यांना समजत नव्हते. मी फिरवून दिले.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "ह्या व्हय त्या? साबुदाण्यावानी."

"चकचकीत त्या जिवंत. निळ्या दिसतील त्या मेलेल्या."

"म्हंजे छाट." बिडी कारखान्यात माल तपासताना बाजूला काढून टाकलेल्या बिड्यांना छाट म्हणतात, हे शीनूने मला सांगितले. "माझी छाट कदी निगत नव्हती. ह्या महिन्यात निगायली."

'अ' मध्ये शंभरात तीन निळ्या होत्या. 'ब' लावला आणि मी काही म्हणायच्या आत त्या ओरडल्या, "छाटच छाट!" मी मोजल्या: बासष्ट निळ्या, अडतीस जिवंत. माझा जुना आकडा, एकाने इकडे-तिकडे नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हातातला डबा किंचित वर धरला.

"हा चहा न्हवं?"

"माहीत नाही. सरांना माहीत. अजून दोन आहेत."

'ड' आधी हाताला लागला, तो मोजला. शंभरात तीन निळ्या. आता 'क' राहिला होता. हिशेब मला कळत होता. 'ब' मध्ये चहा नक्की होता. पण तो एकटा होता की कॅटॅलेजसह, हे 'क' वर ठरणार होते. 'क' मध्येही तितक्याच निळ्या निघाल्या, तर विकर असो वा नसो, चहाने पेशी मारल्या होत्या.

भिंग मी सारखे केले. रेणुकाबाईंनी आधी डोळा लावला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौकट बघितली.

"छाट दिसंना," त्या शेवटी म्हणाल्या. "एक हाय हितं कोपऱ्यात. आनि ही एक. लई न्हायत."

मी बसून मोजले. एकदा चौकटीच्या वरच्या अंगाने, एकदा खालच्या. मग मागे येऊन उभ्या राहिलेल्या सरांकडे पाहिले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागदाचा तुकडा काढला, पण तो न बघताच सांगितले.

"अ नुसता द्रव. ब चहा. ड नुसतं कॅटॅलेज. क चहा आणि कॅटॅलेज."

 एसीचा आवाज येत होता. शीनूने माझ्याकडे पाहिले, मी रेणुकाबाईंकडे.

"म्हंजे चहानं न्हाय मारलं," त्या म्हणाल्या.

"चहाने नाही. प्लेटमध्ये चहापासून जे तयार झालं त्याने. ते काढून टाकल्यावर पेशी जगल्या. तुमच्या रक्तात ते काढून टाकणारं आधीच आहे."

"मग चहा करतो तरी काय?"

"झोप घालवतो."

"मला झोपच न्हाय, घालवणार काय!" त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मग डब्याचे झाकण उघडून आत बघितले, जणू त्यात काही असायला हवे होते, आणि परत घट्ट लावले. "पेपरवाल्यास्नी सांगा हे बी छापायला. माझ्या गल्लीत अजून चार जणी डबे धुऊन बसल्यात."

"सांगते. आणि बोटांचं?"

"सांगती की डॉक्टरला. इचारलं न्हाय तरी सांगती." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या आणि मुलाला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. मला त्यातले 'एडु' एवढेच कळले, म्हणजे सात.

"सातला कशाला?" शीनू म्हणाला. "नंबर नऊला लागतो."

"सातला म्हणलं न्हवं! गाडी काढ. नऊला गेलं की दुपार हुती."

त्या गेल्या. सर खिडकीशी उभे होते.

"हैदराबादला मी कळवू की तू?" त्यांनी विचारले.

"मी कळवते. परदेशातल्या लोकांनाही मीच लिहिते."

"शीर्षक बदलावं लागेल."

"हो. आणि मराठी टिपण मी स्वतः लिहीन."

ते हसले नाहीत, पण त्यांनी हातातला कागद चुरगळून टोपलीत टाकला. मी खुर्चीत बसले आणि 'क' पुन्हा एकदा, तिसऱ्यांदा, मोजला, कारण दोन वेळा मोजलेल्या आकड्यावर माझा विश्वास नसतो. आकडा तोच आला. वेळ लिहिली, तापमान लिहिले आणि शेवटच्या रकान्यात लिहिले: क, जिवंत, शंभरात ९६.